सेल्युलॉईडची बाहुली : तिचे गुण, तिचा दोष व तिचा धडा

आमच्या शाळेच्या वाचनालयांत दक्षिणेकडील भिंतीशीं एक कांचेचें कपाट आहे, हें प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. त्यांत शाळेची पहिली पितळी घंटा आहे, जुनीं पदकें आहेत, शाईच्या दौती आहेत, आणि वरच्या फळीवर एक बाहुली आहे. म्हणजे गेल्या जून महिन्यापर्यंत होती. ही बाहुली वीतभर उंचीची, गुलाबी अंगाची व निळ्या डोळ्यांची. तिच्या डोक्यावरील केंस खरे नसून साच्यांतच उठविलेले आहेत. पाठीवर ती जपानांत तयार झाल्याचीं इंग्रजी अक्षरें अजून वाचतां येतात. प्रदर्शनाच्या दिवशीं खालच्या वर्गांतील मुलें पदकांकडे पाहत नाहींत; तीं तिच्यापुढें येऊन उभीं राहतात.

जूनमध्यें नववीच्या मुली कपाट पुसावयास आल्या. त्यांनीं दार उघडतांच एकीनें विचारलें, "सर, आंत कापूर कोणीं ठेवला?" कापूर कोणींच ठेवला नव्हता. आम्ही जवळ जाऊन पाहिलें, तों कापराच्या वासाखालीं दुसरा एक उग्र, नाकाला झोंबणारा वास होता. बाहुलीच्या गालांवर बारीक भेगांचें जाळें पडलें होतें. एक पाय पिवळा व चिकट झाला होता. तिच्या कपड्याला लावलेली टांचणी गंजून गेली होती, आणि खालच्या फळीवरील पितळी घंटेवर हिरवा कळंक चढला होता. त्या मुलीच्या प्रश्नाचें उत्तर एका वाक्यांत देतां येण्यासारखें नव्हतें. तें उत्तर म्हणजेच हा लेख होय. वाचकांनीं, व विशेषतः पालकांनीं, तो शेवटपर्यंत वाचावा अशी आमची विनंती आहे. कारण अशी वस्तु आमच्याच कपाटांत होती असें नव्हे, ती पुष्कळांच्या घरीं जुन्या ट्रंकेंत असूं शकेल.

प्रथम ह्या बाहुलीच्या आधीं काय होतें तें पाहूं. आपल्याकडे आजी नातीस चिंध्यांची बाहुली करून देत असे. लांकडाची ठकी असे. सावंतवाडीचीं रंगीत लांकडी खेळणीं तर आजही प्रसिद्ध आहेत. हीं खेळणीं हातांतून पडलीं म्हणून फुटत नसत. युरोपांत मात्र एकोणिसाव्या शतकांतील सुखवस्तु घरची बाहुली ही फार नाजूक वस्तु होती. जर्मनीच्या थुरिंजिया प्रांतांत चिनी मातीचीं डोकीं साच्यांत ओतून भट्टींत भाजीत. इंग्लंडांत मेणाच्या बाहुल्या करीत, व १८५१ सालच्या लंडनच्या महाप्रदर्शनांत अशा मेणाच्या बाहुल्यांस पदकही मिळालें होतें. त्यांच्या चेहऱ्यांवरचा जिवंतपणा अद्भुत असे. परंतु मेण शेगडीजवळ वितळे, आणि चिनी माती जमिनीवर पडतांच फुटे. म्हणून मूल व बाहुली ह्यांच्यामध्यें सदा कोणी तरी वडील माणूस उभें असे, आणि त्याच्या तोंडीं एकच शब्द असे : "जपून!" जी बाहुली मुलाच्या हातीं निर्धास्तपणें देतां येईल, धुतां येईल, आणि गरिबासही घेतां येईल, अशी बाहुली कशाची करावी, हा प्रश्न होता.

ह्या प्रश्नाचें उत्तर खेळण्यांच्या दुकानांत सांपडलें नाहीं. तें एका स्फोटक द्रव्याच्या पोटीं जन्मलें. स्वित्झर्लंडांतील बाझल येथें क्रिश्चन श्योनबाइन नांवाचे रसायनशास्त्राचे अध्यापक होते. साधा कापूस नायट्रिक व सल्फ्यूरिक अम्लांच्या मिश्रणांत भिजवून, धुऊन वाळविला असतां तो दिसावयास कापसासारखाच राहतो, परंतु ठिणगी लागतांच भडकून नाहींसा होतो, हा शोध त्यांनीं १८४६ सालीं जगापुढें मांडला. ह्यालाच बंदुकीचा कापूस म्हणूं लागले. अम्लाची क्रिया कमी प्रमाणांत झाली, तर तोच कापूस ईथर व अल्कोहोल ह्यांच्या मिश्रणांत विरघळतो, आणि द्रव उडून गेल्यावर मागें पारदर्शक पापुद्रा राहतो. ह्या पापुद्र्यापासून कांहीं घडवितां येईल काय, असा विचार इंग्लंडांतील बर्मिंगहॅमच्या अलेक्झांडर पार्क्स ह्यांच्या मनांत आला. त्यांनीं आपल्या नव्या पदार्थास 'पार्केसीन' हें नांव दिलें व १८६२ सालच्या लंडनच्या प्रदर्शनांत त्याच्या वस्तु मांडल्या. पदक मिळालें, पण पदकानें वस्तु टिकत नाहीं. त्या वांकूं लागल्या, तडकूं लागल्या, व पार्क्सची कंपनी १८६८ सालीं बंद पडली.

अमेरिकेंत ह्याच सुमारास हस्तिदंताचा तुटवडा भासत होता. बिलियर्ड खेळाचे गोळे हस्तिदंताचे असत. हस्तिदंतासारखा दुसरा पदार्थ शोधून काढील त्यास दहा हजार डॉलर देऊं, अशी जाहिरात गोळे विकणाऱ्या एका कंपनीनें दिली. न्यूयॉर्क संस्थानांतील ऑल्बनी शहरीं जॉन वेस्ली हायट नांवाचा एक तरुण मुद्रक होता. छापखान्याचें काम संभाळून तो प्रयोग करूं लागला. त्याचा भाऊ आयझाया त्याच्या मदतीस होता. पार्क्सनें कापूर वापरला होता खरा, परंतु त्याचें मर्म हायट बंधूंच्या हातीं लागलें. नायट्रेट केलेला कापूस आणि कापूर हीं एकत्र कालवून त्यांवर उष्णता व मोठा दाब हीं दोन्ही एकदम दिलीं, म्हणजे कापूर वितळून कापसाच्या तंतूंत मुरतो, आणि एक चिवट, गुळगुळीत, शिंगासारखा पदार्थ तयार होतो. ऊन असतांना तो वळतो. थंड झाला कीं दिलेला आकार धरून बसतो. १८७० सालीं ह्या कृतीचें पेटंट निघालें. आयझायानें पदार्थास 'सेल्युलॉईड' असें नांव दिलें, आणि लौकरच न्यू जर्सींतील नेवार्क येथें मोठा कारखाना उभा राहिला. कंगवे, चाकूच्या मुठी, कॉलर, पुढें छायाचित्रांच्या फिती, असें सर्व कांहीं त्यापासून होऊं लागलें.

आतां नववीच्या मुलीच्या प्रश्नाचा पहिला भाग सुटला. कपाटांत कापूर कोणीं ठेवला नव्हता. बाहुलीच कापराची होती! म्हणजे तिच्या अंगांत मोठा भाग नायट्रेट केलेल्या कापसाचा, व बराच भाग कापराचा. कापूर हा आपल्या परिचयाचा. शेजारच्या घरीं आरतीला तो जळतो, आणि तबकांत राखही उरत नाहीं. उघडा ठेवला तर तो हवेंत उडून जातो, हेंही आपणांस माहीत आहे. हें ध्यानांत ठेवावें; पुढें त्याचें काम पडेल.

कापराची हकीकत थोडी सांगितली पाहिजे. त्या काळीं बहुतेक कापूर तैवान बेटांतील डोंगरांवरच्या मोठ्या वृक्षांपासून मिळे. झाड तोडून त्याच्या ढलप्या करीत, त्यांतून वाफ सोडीत, व ती वाफ थंड केली म्हणजे कापराचे पांढरे खडे जमत. झाड एकदां तोडलें कीं संपलें. म्हणून कापूर काढणारे डोंगरांत अधिकाधिक आंत शिरूं लागले. तेथें त्या बेटाचे मूळ रहिवासी पिढ्यान् पिढ्या राहत होते. १८९५ सालीं तैवान जपानच्या ताब्यांत गेलें; १८९९ सालीं सरकारनें तेथील कापराचा मक्ता आपल्याकडे घेतला; आणि १९१० ते १९१४ ह्या वर्षांत डोंगरी लोकांवर मोठ्या लष्करी मोहिमा होऊन त्यांचे प्रदेश काबीज करण्यांत आले. त्यामागें इतरही कारणें होतीं, पण कापराची जंगलें हें त्यांतील एक मोठें कारण होतें. खेळण्याच्या किंमतींत हा जमाखर्च कोठें मांडलेला नसतो.

बाहुलीचा खरा जन्म मात्र जर्मनींत, ऱ्हाइन नदीकाठच्या मॅनहाइम शहराजवळ झाला. तेथील एक रबराचा कारखाना १८८० सालापासून सेल्युलॉईड करूं लागला. ऱ्हाइन प्रांताची रबर व सेल्युलॉईड कंपनी असें त्याचें नांव. त्यानें १८८९ सालीं कांसव ही आपली खूण म्हणून नोंदविली, आणि १८९६ सालीं त्याची पहिली सेल्युलॉईडची बाहुली तयार झाली. कांसवाची पाठ जशी टणक, आणि त्याचें आयुष्य जसें दीर्घ, तशी आमची बाहुली, हा त्या खुणेचा अर्थ होता. पुढें जगभर आयांना ही कांसवाची खूण इतकी परिचित झाली कीं, त्या कंपनीस लोक 'शिल्डक्र्योट', म्हणजे जर्मन भाषेंत कांसव, ह्याच नांवानें ओळखूं लागले.

ह्या बाहुल्या कशा करीत, हें पाहण्याजोगें आहे. अम्लांत भिजवून धुतलेला कापूस कापराबरोबर व अल्कोहोलाबरोबर मळीत. कणकेसारखा झालेला हा गोळा तापलेल्या रुळांमधून पुनःपुनः काढीत. त्यांतच रंग घालीत. मग दाबाखालीं त्याच्या मोठ्या लाद्या करून त्यांचे पातळ पत्रे कापीत, आणि ते पत्रे कित्येक दिवस वाळत ठेवीत. बाहुलीचा सांचा दोन भागांचा व धातूचा असे. एका भागांत तोंडाकडची बाजू, दुसऱ्यांत पाठीकडची. दोन पत्रे मध्यें घालून सांचा मिटीत आणि पत्र्यांच्या मध्यें वाफ अथवा ऊन हवा जोरानें सोडीत. मऊ झालेले पत्रे फुगून सांच्याच्या भिंतींना चिकटत, व बोटाच्या पेरापासून पापणीच्या रेषेपर्यंत प्रत्येक खांचखळगा उचलीत. गार झाल्यावर सांचा उघडला, कीं आंत पोकळ, हलकी, पूर्ण बाहुली! मग जोडावरची कोर घासून काढीत, हातपाय रबरी दोरीनें ओवीत, आणि ओंठ व डोळे हातानें रंगवीत. चिनी मातीस भट्टी लागे, वेळ लागे, आणि भाजतांना कांहीं डोकीं फुकट जात. येथें सांचा मिटला व उघडला कीं काम झालें.

ही बाहुली पाण्यावर तरंगे, म्हणून ती स्नानाच्या टबांत नेतां येई. ती हातांतून पडली तर फुटत नसे. फार तर एखादा पोंचा येई. आणि ती स्वस्त होती. फ्रान्सांत व इतर देशांतही तिचे कारखाने निघाले. ज्या घरीं चिनी मातीची बाहुली कधीं आली नसती, तेथें ही गेली. आम्ही पुढें हिचे दोष सांगणार आहों. तरी हा गुण आम्ही आधीं नमूद करितों. गरिबाच्या मुलीस प्रथमच कोणी "जपून" असें म्हटलें नाहीं, ही लहान गोष्ट नव्हे.

१९१४ सालीं पहिलें महायुद्ध सुरू झालें आणि जर्मनीचा माल समुद्रावर अडला. तेव्हां हा धंदा जपाननें उचलला. कापूर त्याच्या हातीं होता, मजुरी कमी होती, आणि टोकियोच्या कात्सुशिका भागांत सेल्युलॉईडच्या खेळण्यांचे लहान लहान कारखाने निघाले. १९१९ सालीं तेथील आठ कंपन्या मिळून सेल्युलॉईडची एक मोठी कंपनी झाली, आणि १९३० नंतरच्या दशकांत जपान ह्या पदार्थाच्या उत्पादनांत जगांत पहिला होता. अमेरिकेंतील चित्रकर्त्री रोझ ओनील हिनें १९०९ सालीं एका मासिकांत गुटगुटीत बालकांचीं चित्रें काढलीं होतीं. 'क्यूपी' हें त्यांचें नांव. त्यांच्या पहिल्या बाहुल्या जर्मनींत चिनी मातीच्या झाल्या, पण त्यांचें सेल्युलॉईडचें रूप जपानांतून असंख्य निघालें. मुंबईच्या बाजारांतही जपानी खेळणीं येत, आणि इंग्लंड-अमेरिकेंतील मंडळ्या नाताळासाठीं मिशनच्या शाळांस ज्या पेट्या पाठवीत, त्यांतही अशा बाहुल्या असत. आमच्या कपाटांतील बाहुली अशाच एका पेटींतून आलेली.

जपानांत ह्या बाहुलीनें लोकांच्या मनांत केवढें घर केलें होतें, तें एका गोष्टीवरून दिसेल. १९२१ सालीं कवि उजो नोगुची ह्यांनीं अमेरिकेहून आलेल्या निळ्या डोळ्यांच्या सेल्युलॉईडच्या बाहुलीवर एक बालगीत लिहिलें, व तें सर्व देशभर मुलांच्या तोंडीं झालें. पुढें १९२४ सालच्या कायद्यानें अमेरिकेनें जपानी लोकांस आपलें दार बंद केलें आणि दोन्ही देशांत कटुता आली. तेव्हां सिडनी ग्युलिक ह्या पाद्रीसाहेबांनीं, ज्यांनीं वीस वर्षांहून अधिक काळ जपानांत काम केलें होतें, असें मनांत आणिलें कीं, मोठ्यांचें मन फिरत नाहीं तर मुलांपासून आरंभ करावा. त्यांच्या प्रेरणेनें अमेरिकन मुलांनीं १९२७ सालीं जपानच्या बाहुल्यांच्या सणासाठीं १२,७३९ बाहुल्या धाडिल्या. त्या बहुतेक सेल्युलॉईडच्या नसून लांकडाचा भुसा व सरस ह्यांच्या लगद्याच्या होत्या. तरी लोक त्यांस गीतांतील नांवानेंच, निळ्या डोळ्यांच्या बाहुल्या, असें म्हणूं लागले. जपाननें उलट ५८ सुंदर बाहुल्या अमेरिकेस पाठविल्या. चौदा वर्षांनीं ह्याच दोन देशांत युद्ध पेटलें. शत्रूच्या म्हणून त्या बाहुल्या शाळाशाळांतून जाळण्यांत व मोडण्यांत आल्या. परंतु कांहीं शिक्षकांनीं त्या माळ्यावर, भिंतीआड, कपाटाच्या तळाशीं लपवून ठेविल्या, आणि अशा सुमारें तीनशें बाहुल्या आज शिल्लक आहेत. शिक्षकाच्या धंद्यांतील माणसांस ही हकीकत वाचून संकोचही वाटतो व अभिमानही वाटतो.

आतां दोषाकडे वळूं. श्योनबाइनचा कापूस आठवा. सेल्युलॉईड हा त्याचाच सौम्य भाऊ. त्याचा स्फोट होत नाहीं. पण ठिणगी लागली तर तो कागदापेक्षांही झपाट्यानें पेटतो. जळण्यास लागणारा प्राणवायु त्याच्या अंगांतच रसायनरूपानें असतो. म्हणून मोठा सांठा पेटला तर वारा कोंडून ती आग सहज विझत नाहीं, आणि तिचा धूर विषारी असतो. सिनेमाच्या जुन्या फिती ह्याच जातीच्या. २००३ सालच्या जानेवारींत पुण्यास अशा जुन्या फितींच्या कोठारास आग लागली, आणि आपल्या देशाच्या आरंभींच्या चित्रपटांचा मोठा ठेवा भस्म झाला. खेळण्यांच्या बाबतींत सर्वांत मोठा धडा टोकियोनें घेतला. १६ डिसेंबर १९३२ रोजीं शिरोकिया नांवाच्या आठ मजली दुकानांत नाताळची सजावट होती. चौथ्या मजल्यावर खेळण्यांच्या विभागांत नाताळच्या झाडाचा एक विजेचा दिवा नीट करीत असतां ठिणगी उडाली व सेल्युलॉईडच्या खेळण्यांनीं पेट घेतला. चौदा माणसें प्राणांस मुकलीं.

अशा अनुभवांमुळें, आणि दुसऱ्या महायुद्धांत प्लास्टिकाचे नवे प्रकार हातीं आल्यामुळें, १९४५ नंतर बाहुलीनें आपला देह बदलला. सेल्युलोज अॅसिटेट, पॉलिस्टायरीन अशा टणक प्लास्टिकाचे दाणे वितळवून यंत्राच्या जोरानें सांच्यांत दाबूं लागले. ह्या बाहुल्या सेल्युलॉईडसारख्या भडकत नसत, त्यांचे चेहरे रेखीव येत, व त्यांस नायलॉनचे केंस बसवितां येत. १९४९ सालीं अमेरिकेंत निघालेल्या 'टोनी' बाहुलीचे केंस तर मुलींस धुवावयास व कुरळे करावयास सांपडत. मॅनहाइमच्या कांसवानेंही १९५० नंतरच्या दशकांत सेल्युलॉईड सोडून नवा पदार्थ घेतला. मग मऊ व्हिनाइल आलें, आणि १९५९ सालीं निघालेली बार्बी ही त्याच युगाची लेंक. सेल्युलॉईड मागें राहिलें तें मुख्यतः टेबल टेनिसच्या चेंडूंत. तेथूनही त्याची उचलबांगडी २०१४ सालीं सुरू झाली.

तरी ह्या नव्या बाहुल्या निर्दोष झाल्या असें कोणीं समजूं नये. त्या आरंभींच्या टणक प्लास्टिकाच्या कांहीं बाहुल्या आतां कुजूं लागल्या असून त्यांस सिरक्यासारखा आंबट वास येतो. व्हिनाइल कालांतरानें चिकट होतें. त्यास मऊ करण्यासाठीं घातलेल्या कांहीं द्रव्यांवर युरोपांत लहान मुलांच्या खेळण्यांपुरती १९९९ पासून बंदी आली. आणि जें प्लास्टिक कुजत नाहीं, तें नदीनाल्यांत पडून राहतें. प्रत्येक पदार्थानें मागच्याचा एक दोष काढिला, व आपला स्वतःचा एक मागें ठेविला.

आमच्या बाहुलीस काय झालें होतें, तें आतां कळेल. सेल्युलॉईडमधील कापूर वर्षानुवर्षे उडून जातो. अंग आंखडतें व भेगा पडतात. त्याबरोबर नायट्रेटही हळूहळू सुटूं लागतें. त्याची वाफ हवेंतील ओलाव्याशीं मिळून नायट्रिक अम्ल होतें; म्हणजे ज्या अम्लांत तो कापूस प्रथम भिजला होता, तेंच पुनः बाहेर पडतें! तेंच टांचणी गंजवितें, पितळेवर कळंक आणितें आणि बाहुलीस अधिक वेगानें खातें. वारा खेळता असेल तर ही वाफ निघून जाते; कोंडली तर नाश लौकर होतो. येथें आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. सहा वर्षांपूर्वीं, धूळ जाऊं नये म्हणून, कपाटाच्या दारास रबराची पट्टी आम्हींच लावविली. आणि बाहुली नीट दिसावी म्हणून आंत विजेचा दिवाही आम्हींच बसविला. आम्ही तिची काळजी घेत होतों, अशी आमची समजूत होती. न विचारतां, न वाचतां घेतलेली काळजी कशी अपाय करिते, ह्याचें उदाहरण आम्हीं स्वतःच्या हातांनीं तयार केलें. आणि तेंही अशा खोलींत, जेथें दिवसभर मुलें बसतात.

ती बाहुली शाळेस देणाऱ्या बाई ह्याच शाळेच्या माजी विद्यार्थिनी असून आतां नव्वदी ओलांडलेल्या आहेत. बाहुली बिघडल्याचें त्यांस सांगणें आमचें कर्तव्य होतें. आम्ही त्यांच्या घरीं गेलों, आणि ओशाळून सर्व हकीकत सांगितली. "आपण एवढ्या जपून ठेवलेली वस्तु आमच्या हातून बिघडली," असें आम्हीं म्हटलें. बाई कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग त्या म्हणाल्या, "मास्तर, मी जपली म्हणून ती उरली नाहीं. मला तिची भीति वाटे, म्हणून ती उरली."

मग त्यांनीं सांगितलें कीं, बाहुल्या दोन होत्या. १९३८ सालच्या नाताळांत बोर्डिंगांत पेटी आली, तींतून त्यांस एक व त्यांच्या धाकट्या बहिणीस एक मिळाली. सुटींत दोघी घरीं गेल्या. धाकटीनें आपल्या बाहुलीस आंघोळ घातली, आणि आई जशी थंडींत लेंकरांस चुलीपुढें बसवून अंग शेकते, तशी तिनें बाहुलीस चुलीपुढें बसविली. बाहुली एकदम पेटली. "तिनें हात मागें घेतला असता तर कांहीं झालें नसतें," बाई म्हणाल्या. "पण तिला वाटलें, आपलें लेंकरूं जळतें आहे. तिनें हात पुढें घातला." त्या उजव्या हाताचीं दोन बोटें पुढें कधीं सरळ झालीं नाहींत. ती मुलगी डाव्या हातानें लिहावयास शिकली, मॅट्रिक झाली, संसार केला, आणि काहीं वर्षांपूर्वीं देवाघरीं गेली. थोरलीनें मात्र आपली बाहुली त्या दिवसापासून पेटींत बांधून ठेविली, व पुढें शाळेस दिली. देतांना ही गोष्ट तिनें कोणास सांगितली नाहीं. आणि आम्हींही विचारली नाहीं.

आम्ही परत येऊन नववीच्या वर्गास हें सर्व सांगितलें. बाहुलीचें काय करावें ह्यावर वर्गांत मोठा वाद झाला. कोणी म्हणालें, टाकून द्यावी. कोणी म्हणालें, टाकली तर धाकटीची गोष्टही टाकल्यासारखी होईल. शेवटीं जें ठरलें तें असें : बाहुलीचीं छायाचित्रें घेतलीं, तिची टांचणी काढली, तिला साध्या कागदांत सैल गुंडाळून भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पेटींत घातलें, आणि ती पेटी मुलांच्या वावरापासून दूर, थंड, कोरड्या व वारा असलेल्या जागीं, विजेच्या दिव्यापासून लांब ठेविली. कपाटाची रबरी पट्टी व आंतला दिवा काढून टाकला. घंटा पुसून स्वच्छ केली. वरच्या फळीवर आतां बाहुलीच्या जागीं तिचें छायाचित्र आहे, आणि खालीं मुलींनीं सुवाच्य अक्षरांत एक तक्ता लिहिला आहे. बाईंची परवानगी घेऊन त्यांत दोन्ही बाहुल्यांची हकीकत घातली आहे.

पालकांस आमची सूचना अशी. आपल्या घरीं आजीच्या काळची हलकी, पोकळ बाहुली, कंगवा, अथवा चष्म्याची चौकट असेल, तर ती सेल्युलॉईडची असण्याचा संभव आहे. अंगठ्यानें घासली असतां कापराचा वास आला, तर तो संभव बळावतो. तापलेली सुई टोंचून अथवा काडी ओढून परीक्षा कदापि करूं नये. अशी वस्तु मुलांस खेळावयास देऊं नये; प्लास्टिकच्या पिशवींत अथवा घट्ट डब्यांत कोंडूं नये; दागिने व धातूच्या वस्तु तिच्याजवळ ठेवूं नयेत; देवघराचा अथवा स्वयंपाकघराचा अग्नि तिच्यापासून दूर असावा. चिकट होऊन तिच्यांतून ओल सुटूं लागली असेल तर ती घरांत ठेवूं नये. परंतु चुलींत अथवा केराच्या जाळांत मात्र मुळींच टाकूं नये.

आणि विद्यार्थ्यांस इतकेंच. एखादी वस्तु फुटत नाहीं असें कोणीं सांगितलें, तर फुटत नाहीं हें खरें असेल. पण तेवढ्यानें ती निर्धोक आहे असें होत नाहीं. ती कशाची केली आहे, तो पदार्थ कोठून आला, तो मिळविण्यासाठीं कोणाची जमीन गेली, आणि जुनी झाल्यावर तिचें काय होणार, हे प्रश्न विचारण्याची संवय ह्याच वयांत लागावी. त्या नववींतल्या मुलीनें केवळ एका वासाविषयीं विचारलें. त्या एका प्रश्नानें शाळेचें कपाट उघडलें, आमची चूक उघडी पडली, आणि ऐंशींहून अधिक वर्षें न सांगितलेली गोष्ट एका वृद्ध बाईस सांगतां आली. येत्या प्रदर्शनाच्या दिवशीं त्या बाई येणार आहेत. तक्ता त्यांच्या डोळ्यांस वाचवणार नाहीं. म्हणून त्याच मुलीनें तो त्यांस वाचून दाखवावा, असें वर्गानें ठरविलें आहे.